नर्मदेचा हिशोब : आधी सही, मग अभ्यास

मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं आदिवासी गाव. आज नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी गेलेलं गाव हेच. ही गोष्ट आपण आंदोलनाची म्हणून ऐकलीय. आज ती हिशोबाची म्हणून सांगतो.

१९८५ साली जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आपल्याच पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी आली जून १९८७ मध्ये, तीही सशर्त. जंगल, पाणलोट, आरोग्य यांचे अभ्यास अजून व्हायचेच होते. म्हणजे आधी सही, मग मंजुरी आणि अभ्यास सगळ्यात शेवटी.

तेव्हा हे शास्त्रच नव्हतं का? होतं की. प्रकल्पाचा समाजाला होणारा नफा-तोटा कसा मोजायचा, याची मार्गदर्शिका पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्गलिन आणि अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी १९७२ मध्येच लिहिली होती. बँकेनंही १९८७ मध्ये पर्यावरण विभाग काढला आणि १९८८ मध्ये हर्मन डेली हे अर्थतज्ज्ञ तिथं रुजू झाले.

पण त्यांचं ऐकलं किती? डेलींनीच सांगितलेला किस्सा आहे. बँकेच्या १९९२च्या विकास अहवालाच्या मसुद्यात एक चौकोन होता, त्यावर लिहिलेलं ‘अर्थव्यवस्था’. डेली म्हणाले, याच्याभोवती मोठा चौकोन काढा, तो निसर्गाचा. पुढच्या मसुद्यात मोठा चौकोन आला, पण त्यावर नाव नाही, नुसती चौकट. त्याच्या पुढच्या मसुद्यात आख्खी आकृतीच गायब!

हा चौकोन नसला की काय होतं, ते नर्मदाकाठी बघा. मोहाची फुलं, चारोळी, तेंदूपत्ता, नदीतले मासे, जळण, गुरांचा चारा. यातलं बरंचसं घरातच वापरलं जातं, बाजारात जात नाही. पावती नाही, म्हणून हिशोबात किंमत शून्य. उलट विजेचं युनिट आणि कालव्याचं पाणी यांना दर आहे, म्हणून फायद्याची बाजू भरगच्च. कडी म्हणजे, विस्थापितांना जमीन द्यायला तळोद्याचं जंगल तोडलं. पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी १९९० मध्ये पुस्तक लिहून नर्मदेवरच्या मोठ्या धरणांचा असा सगळा जमाखर्च मांडला. तोवर भिंत वर येत होती.

शेवटी १९९१ मध्ये बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२च्या अहवालात समितीनं स्पष्ट सांगितलं : पर्यावरणाचा विचार नीट झालेला नाही, सध्याच्या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही, बँकेनं एक पाऊल मागं घ्यावं. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेनं तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केलं. जगभरातल्या प्रकल्पबाधितांना दाद मागायची ही जागा मिळण्यात नर्मदाखोऱ्यातल्या लोकांचा मोठा वाटा आहे.

धरण पूर्ण झालंच. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळालं, हेही खरंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कुणाच्या किती नुकसानीवर हा फायदा उभा राहिला, हे सही करताना टेबलावर असतं तर धरणाची उंची, पुनर्वसनाची रक्कम, कामाचा क्रम यावर वेगळी चर्चा झाली असती. भिंत उभी राहिल्यावर तज्ज्ञ बोलावला की त्याच्या हातात फक्त नुकसानीची यादी करणं उरतं.

परदेशी कर्ज आजही येतं. मुंबईची मेट्रो ३ आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, दोन्हीला जपानचं कर्ज आहे. उद्या तुमच्या तालुक्यातही असा प्रकल्प येईल. तेव्हा बाजूनं-विरोधात भांडण्याआधी एवढंच विचारा : निसर्गाचा हिशोब सहीच्या आधी झालाय की नंतर? आणि तो मराठीत वाचायला कुठं मिळेल?