उदरातील चित्राची हकीकत

गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की उभे हे सांगणाऱ्या जाणत्या सुइणी आपल्याकडे होऊन गेल्या. हाताला लागत नसे ती वार. ती पिशवीच्या तोंडावर बसलेली असली, तर रक्त जाऊ लागेपर्यंत कुणालाच पत्ता नसे. बोर्डीसारख्या गावी रात्री अशी वेळ आली म्हणजे काय, हे वडीलधाऱ्या भगिनींना सांगायला नको. आज हे सोनोग्राफीत आधीच दिसते.

हे यंत्र मुळात बायकांसाठी निघालेच नव्हते! पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याची युक्ती निघाली. पुढे कारखान्यांत लोखंडातील चीर तिनेच शोधू लागले. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले; तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडाही त्यांनी नेला होता. गाठीगाठींतला फरक यंत्राने दाखवला. टॉम ब्राउन हा तरुण इंजिनीअर व डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच सुमारास गरोदरपणी घेतलेल्या क्ष-किरणांमुळे पुढे मुलांना कर्करोगाचा धोका वाढतो, असे डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांना आढळले होते. म्हणून या नव्या वाटेचे मोल अधिक.

आपल्याकडे मात्र हेच चित्र मुलींच्या मुळावर आले. आधी गर्भजल परीक्षेचा, मग सोनोग्राफीचा दुरुपयोग झाला. मुंबईतील स्त्री-कार्यकर्त्यांनी चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. कायदा कागदावर निजून राहिला, तेव्हा ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. मला तर हे आकडे लिहितानाही लाज वाटते. शिकल्यासवरल्या घरांनीही यात हातभार लावला, हे आपण कबूल केले पाहिजे.

आमची सून तपासणीहून आली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आम्हां बायकांपैकी एकीने विचारलेच, “काय गं, काय म्हणाले?” सुनेने कागद पुढे केला. वार वर आहे, पाणी पुरेसे आहे, ठोके नीट आहेत.

“ते नव्हे गं,” ती म्हणाली.

“काकू, त्यात एवढंच असतं,” सून म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.