म्हैसूरचे अग्निशमन दल : प्रमुखाचा अधिकार आणि जवानांच्या पाळ्या

म्हैसूर शहरातली अग्निशमन सेवा महानगरपालिकेची नाही. ती कर्नाटकाच्या गृह खात्याखालील ‘कर्नाटक राज्य अग्निशमन व आपत्कालीन सेवा’ या विभागाची आहे. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या वाचकाला आयुक्तांच्या हाताखालचा ‘मुख्य अग्निशमन अधिकारी’ परिचित असतो. म्हैसूर महानगरपालिकेत असे पद नाही. सरस्वतीपुरम, बन्नीमंटप, हेब्बाळ येथील केंद्रे राज्याची, तिथले जवान राज्याचे नोकर, आणि त्यांचे सर्वोच्च प्रमुख बंगळुरूत बसतात. या सर्वोच्च पदावर सहसा भारतीय पोलीस सेवेतला अधिकारी असतो.

या रचनेचा पाया 1964 चा अग्निशमन दल कायदा. तो झाला तेव्हा राज्याचेच नाव म्हैसूर होते. ‘कर्नाटक’ हे नाव 1973 मध्ये आले. पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे सोपवता येईल असा नोंदवला, पण तो सोपवायचा की नाही हे राज्यांवर राहिले. कर्नाटकाने सेवा आपल्याकडेच ठेवली, महाराष्ट्रात ती मुख्यतः पालिकांकडे राहिली. म्हणून कोल्हापूरचा बंब पालिकेचा आणि त्याच महामार्गावरच्या बेळगावचा बंब राज्याचा.

आगीच्या जागी मात्र दोन्हीकडचा अधिकार जवळपास सारखा आहे. तिथे हजर असलेला अग्निशमन अधिकारी अडथळा करणाऱ्यांना हटवू शकतो, रस्ता बंद करू शकतो, पाण्याची नळी नेण्यासाठी दार किंवा भिंत फोडू शकतो, आणि पुरेशा दाबाने पाणी मिळावे म्हणून इतर भागांचा पुरवठा रोखायला लावू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला आग लागण्यापूर्वीचाही मोठा अधिकार दिला: धोकादायक इमारत रिकामी करायला लावणे, प्रसंगी तिला सील ठोकणे.

जागेवर एकाच माणसाचा शब्द का चालला पाहिजे, हे मुंबईच्या गोदीने फार महाग शिकवले. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटके होती. बंब आले, पाणी सुरू झाले. पण जहाज जागीच बुडवायचे की ओढून समुद्रात न्यायचे, हे कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळा अधिकारी आणि अग्निशमन दल यांपैकी कोणी एकाने ठरवायचे नव्हते. निर्णय झालाच नाही. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जण गेले. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. प्रमुखाचा अधिकार खुर्चीत बसून गाजवायचा नसतो, हेही मुंबईतच दिसले: मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत दलप्रमुख सुनील नेसरीकर स्वतः होरपळले आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या आगीने दलाचे आणखी तीन अधिकारी नेले.

म्हैसूरच्या आठवणीतही दोन मोठ्या आगी आहेत. 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नसमारंभात लाकडी राजवाडा जळाला. त्या जागी हेन्री अर्विनच्या आराखड्याप्रमाणे 1912 मध्ये दगड आणि लोखंडाचा मोठा वापर केलेला आजचा राजवाडा पूर्ण झाला. दुसरी आग 8 फेब्रुवारी 1989 ची, प्रीमियर स्टुडिओतली. ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ मालिकेच्या चित्रीकरणात लागलेल्या या आगीत 62 माणसे मृत्यू पावली. भिंतींना गोणपाट, वायरिंग ढिले, हवा खेळायला आणि बाहेर पडायला वाव अपुरा. अशा जागी बंब कितीही लवकर पोहोचला तरी उशीरच झालेला असतो. म्हणून तपासणीचा आणि जागा बंद करण्याचा अधिकार मला आग विझवण्याच्या अधिकाराइतकाच मोलाचा वाटतो.

आता पाळ्या. केंद्र आठवड्याचे 168 तास जागे असावे लागते. 24 तास कामावर आणि 24 तास सुटी अशा दोन तुकड्या केल्या तर प्रत्येकाला आठवड्याला सरासरी 84 तास पडतात. 24 तास काम व 48 तास सुटी अशा तीन तुकड्यांत 56. चार तुकड्यांत 42. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुटी द्यायची तर एका जागेसाठी साडेतीन माणसे हवीत. एका बंबावर यंत्रचालक, तांडेल (कर्नाटकात ‘लीडिंग फायरमन’) आणि फायरमन धरून सहा जण मानले, तर दोन तुकड्यांना 12, आठ तासांच्या पाळ्यांना 21, चार तुकड्यांना 24 माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचा हिशोब वेगळा.

अमेरिकेत 24-48 ही पद्धत रुळलेली आहे आणि संघराज्याच्या कायद्याप्रमाणे 28 दिवसांत 212 तासांपुढचे काम जादा धरतात. ब्रिटनमध्ये 1977-78 च्या देशव्यापी संपानंतर 42 तासांचा आठवडा आला. तिथे दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस सुटी असा चार तुकड्यांचा क्रम चालतो. आपल्याकडे कामाचे तास दर राज्यात, दर पालिकेत निराळे.

केंद्र अधिकारी हजेरी घेतो, कोण कोणत्या बंबावर ते ठरवतो, रजा पुढे ढकलतो. पण मंजूर पदे वाढवणे त्याच्या हातात नाही. म्हैसूरमध्ये ते राज्य सरकारच्या हातात आहे, मुंबईत महापालिका प्रशासनाच्या. पदे रिकामी राहिली की तुकडी तुटते, आणि वर्दी आली की बंबावर सहाऐवजी चार जण चढतात. जळत्या इमारतीत कोणाला पाठवायचे याची पूर्ण जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याला किती माणसे आणि किती विश्रांती घेतलेली माणसे मिळावीत यावर शब्द नसणे ही या व्यवस्थेतली सर्वांत गंभीर उणीव आहे. राज्याच्या सेवेत शेजारच्या जिल्ह्यातून कुमक मागवणे सोपे, हा तिचा खरा फायदा. तुटपुंजी तुकडी रोज चालवण्याला मात्र कुमक हे उत्तर नव्हे.

दसऱ्यात हा ताण उघड दिसतो. जंबू सवारी ही दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे पाच किलोमीटर चालते, रस्ते गर्दीने भरतात. वर्दी आल्यावर केंद्रातून निघून उपयोग नसतो, म्हणून राजवाडा आणि बन्नीमंटपातले संचलनाचे मैदान इथे बंब आधीच उभे करावे लागतात, त्यांवर जवान बसवावे लागतात, आणि शहराच्या उरलेल्या भागासाठीही केंद्रे भरलेली ठेवावी लागतात. त्या दिवसांत पाळी संपली तरी बदली जवान येईपर्यंत जागा सोडता येत नाही.