प्रवास म्हणजे घरी नसणं

सोलापुरात सात रस्त्यावर रात्री एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "ट्रॅव्हल्स आली का?" इंग्रजी शब्द, त्याला कंपनीच्या नावातून चिकटलेला 'स', आणि आपण त्याची करून टाकली एक स्त्रीलिंगी, एकवचनी गाडी. एसटी म्हणजे सरकारी, ट्रॅव्हल्स म्हणजे खाजगी. कोश काहीही म्हणोत, इथलं व्याकरण एवढंच.

हा 'ट्रॅव्हल' मुळात फार सुखाचा शब्द नाही. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा अर्थ होता कष्ट, यातना. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याच्याही मागे जाऊन उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'त्रिपालियम'पाशी थांबतात. त्रिपालियम म्हणजे तीन खुंटांचं, माणसाचा छळ करायचं साधन. (मागच्या सीटवर बसून खराब रस्त्याने रात्र काढलेल्यांना ही व्युत्पत्ती पटायला वेळ लागणार नाही.) मध्ययुगात लांब जायचं म्हणजे चिखल, चोर, ताप, म्हणून 'कष्ट काढणे'चा अर्थ हळूहळू 'वाटचाल करणे' असा झाला. फ्रेंचमध्ये मात्र त्याच शब्दाचा, 'त्राव्हाय'चा, अर्थ आजही 'काम' असाच आहे. म्हणजे एक भाऊ ऑफिसात राहिला आणि दुसरा रस्त्याला लागला. सोलापूरहून पुण्याला नोकरीला जाणाऱ्याच्या आयुष्यात दोघं पुन्हा एकत्र येतात.

आपला 'प्रवास' याहून विचित्र निघाला. त्यात चालणं नाहीच. प्र अधिक वस्. वस् म्हणजे राहणं. वस्ती, निवास, रहिवासी यांच्यात तोच धातू आहे. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून दुसरीकडे राहणं. नवरा परगावी असलेल्या नायिकेला काव्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात, त्यातला 'प्रोषित'ही याच धातूचा. तो नवरा वाटेत आहे की कुठे बिऱ्हाड करून बसलाय, याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. तो घरी नाही, एवढंच महत्त्वाचं.

हा जुना अर्थ इतर भाषांनी जपला. रामानंद चट्टोपाध्यायांनी 1901 मध्ये अलाहाबादेत बंगाली मासिक काढलं, त्याचं नाव 'प्रवासी'. बंगालबाहेर राहणारा, या अर्थाने. गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, त्या तारखेला 2003 पासून 'प्रवासी भारतीय दिवस' साजरा होऊ लागला. त्यातले प्रवासी कुठल्या गाडीत बसलेले नाहीत, परदेशात घर करून राहिलेले आहेत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हिंदी वाहिन्या 'प्रवासी मज़दूर' म्हणत होत्या तेव्हा मराठी बातम्यांना 'स्थलांतरित मजूर' म्हणावं लागलं. कारण मराठीत प्रवासी म्हणजे तिकीट काढून बसलेला माणूस.

सोलापुरात तर हा गोंधळ एका शहरातच ऐकू येतो. मराठीत प्रवास म्हणजे जाणं. कन्नडमध्ये 'प्रवास' म्हणजे सहल, पर्यटन. साध्या जाण्याला तिथे 'प्रयाण' म्हणतात. तेलुगूतही जाण्याला 'प्रयाणम्', आणि 'प्रवासम्' म्हणजे परदेशी वास्तव्य. मराठीत प्रयाण फक्त मंत्री करतात, किंवा त्याला 'महा' लावून मेलेली माणसं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल एकच, आणि टाइप प्रत्येक शेजाऱ्याकडे वेगळा.

मराठीत हा अर्थ सरकला कसा, याचा विचार करताना मला विष्णुभट गोडसे आठवतात. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले ते देश बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कळलं होतं. वाटेत बंड सुरू झालं. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ही हकीकत लिहिली आणि चिंतामणराव वैद्यांनी ती 1907 मध्ये छापली : 'माझा प्रवास'. या नावात दोन्ही अर्थ बसतात, शेकडो कोसांची चालही आणि घरापासूनची ताटातूटही. तीन खुंटांचा तिसरा अर्थही लावायचा तर लावा.

रेल्वे सोलापुरात 1860 मध्ये पोचली. जाणं तासांवर आलं आणि राहणं वेगळं झालं. 1877 मध्ये इथली पहिली कापडगिरणी, जिला आपण 'जुनी मिल' म्हणतो, उभी राहिली. माग आणि गिरण्यांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले. पूर्व भागात आजही घरात तेलुगू आणि दारात मराठी चालते. त्या कुटुंबांचं 'प्रवासम्' कधी संपलं, याची तारीख कुठे नोंदवलेली नसते. बहुधा पुढच्या पिढीत संपतं, जेव्हा मुलं 'गावाला जायचं' म्हणणं सोडतात.

आता ओघ उलटा आहे. गिरण्या बंद पडल्या आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातली निम्मीअधिक मुलं आज हिंजवडी, खराडी, बंगळुरूत आहेत. एरवी आम्ही स्वतःला प्रवासी म्हणवत नाही. शुक्रवारी रात्री गाडीत बसल्यावरच काय ते प्रवासी. जुन्या अर्थाने बघितलं तर हिशोब नेमका उलटा लागतो. सोमवार ते शुक्रवार भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वस्थ बसलेले असतो, तोच प्रवास, आणि गाडी सोलापूरकडे वळली की तो संपत येतो. आई फोनवर "कधी येणारेस?" विचारते. "कुठे आहेस?" असं विचारत नाही. प्रोषित मुलाला विचारायचा प्रश्न तिला कोश न उघडता ठाऊक आहे.

घरी असण्यालाही सोलापुराने चालण्याचा शब्द दिलाय, ही मला जास्त आवडणारी गोष्ट. 'यात्रा' हा खरा जाण्याचा शब्द, 'या' म्हणजे जाणे. कौटिल्य तो सैन्याच्या कूचासाठी वापरतो. पण सिद्धेश्वराच्या यात्रेत कुणी कुठे जात नाही. संक्रांतीच्या सुमारास मानाचे सात नंदीध्वज निघतात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक करत आपल्याच शहराला वळसा घालतात आणि परत येतात. त्या आठवड्यात पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून बघा. मिळालं तर वरची सीट, तीही शेवटची.