घोड्याच्या वाटेवरचा श्लोक
बुद्धिबळाच्या घोड्याने पटावरील प्रत्येक घरात नेमके एकदाच जावे, हे कोडे काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ‘काव्यालंकारा’त श्लोकरूपाने सोडवले. त्या श्लोकाची ३२ अक्षरे ८ घरांच्या ४ ओळींत मांडली, की सरळ वाचा वा घोड्याच्या चालीने, श्लोक तोच राहतो. पुढे तमिळ प्रदेशात वेदान्त देशिकांनी ‘पादुकासहस्रा’त त्याहून अवघड रचना साधली : एका श्लोकावरून घोडा फिरवला, की दुसराच श्लोक उमटतो.

१८२३ मध्ये जर्मनीच्या वॉर्न्सडॉर्फने नियम दिला : ज्या घरातून पुढे जाण्याच्या वाटा सर्वांत कमी, तेथे आधी जावे. विद्यार्थ्याला हा नियम छोट्या प्रोग्राममध्ये सहज उतरवता येतो. वाट संगणक शोधून देईल; त्या वाटेवर ३२ अर्थपूर्ण अक्षरे बसवणे हा मात्र रुद्रटाइतकाच कठीण छंद आहे.