थांबलेला आकडा, चालती गाडी

नाशिकच्या मुंबई-आग्रा रस्त्यावरील कोणत्याही गॅरेजात अधूनमधून अशी एक गाडी येते, जिचे इंजिन ठीक असते, वेगाचा काटाही हलत असतो, पण किलोमीटरचा आकडा महिनोन् महिने जागचा हललेला नसतो. कारागीर निदान करतो : मीटर गेले, बदलावे लागेल. काम तासाभराचे. पण नव्या मीटरवर कोणता आकडा असावा, हा प्रश्न कारागिराचा उरत नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे, आणि तो बराच जुना आहे.

अंतर मोजणे ही गोष्ट आपल्याकडे दीर्घकाळ कानावर आणि पायांवर सोपवलेली होती. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’वरून आला, क्रोश म्हणजे हाक. हाकेच्या टप्प्यावरून निघालेले हे माप प्रांतोप्रांती बदलत असे. सैन्य मजल दरमजल करीत जाई आणि एका मजलेत किती कोस पडले, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी स्थिती होती.

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना मात्र दोन हजार वर्षांची आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने असे यंत्र वर्णिले आहे. चाकाचा परीघ साडेबारा फूट. अशा ४०० फेऱ्या झाल्या की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई आणि दात्यांच्या चक्रातून एक खडा ब्राँझच्या भांड्यात पडे. मुक्कामी पोहोचल्यावर खडे मोजायचे. आजचा ओडोमीटर तत्त्वतः हेच करतो, फक्त खड्यांच्या जागी आकडे आले.

या यंत्राचा दुबळेपणाही त्या भांड्यातच दिसतो. एखादा दाता मोडला तर खडा पडायचा थांबेल, गाडी थांबणार नाही. भांड्यात ३० खडे असतील, तर त्यावरून प्रवास किमान ३० मैलांचा झाला एवढेच सिद्ध होते. म्हणून शहाण्या राज्यकर्त्यांनी मोजणाऱ्याबरोबर लिहिणाराही धाडला. १५२८ साली बाबराने आग्र्यापासून काबूलपर्यंतचे अंतर मोजण्याची आज्ञा दिली, तेव्हा चिकमाक बेगाच्या दिमतीला शाही तमघाची नावाचा लेखनिक दिला होता. पुढे कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी दांडीला जोडलेले, तबकडीवर फेऱ्या दाखवणारे चाक रस्त्यांवरून ढकलत नेले. पण तबकडीवरचा आकडा रोजनिशीत उतरल्याशिवाय नकाशात जात नसे. आकडा यंत्राचा, साक्ष कागदाची, अशी ती वाटणी होती.

मोटारीने ही वाटणी मोडली. जुन्या मोटारीत गिअरबॉक्सपासून निघालेली एक लवचिक केबल मीटरपर्यंत जाई आणि तिथे दातेरी चक्रे आकड्यांची चाके फिरवीत. केबल तुटली तर काटा आणि आकडा दोन्ही मरत. आत एखादा दाता झिजला तर काटा हले, आकडा थिजे. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा बदललेल्या मीटरने आणखी एक घोळ घातला असणार : जुन्या मीटरवरचे ४०,००० मैल म्हणजे नव्या भाषेत सुमारे ६४,३७४ किलोमीटर, आणि हे रूपांतर करून ठेवण्यास मीटर स्वतः असमर्थ.

२००२ साली नाशिकच्या कारखान्यातून महिंद्राची स्कॉर्पिओ बाहेर पडू लागली, तो काळ भारतीय मोटारींत इलेक्ट्रॉनिक्स शिरण्याचा होता. आता आकडा मीटरमधील स्मृतिचिपेत साठवला जातो. काही गाड्यांत त्याची प्रत दुसऱ्या नियंत्रक संगणकातही असते. कोरे मीटर बसवले तर शून्य दिसते. भंगारातून आणलेले बसवले तर दुसऱ्याच गाडीचे आयुष्य आपल्या गाडीला चिकटते. जुना आकडा संगणकाने नव्या मीटरमध्ये लिहिता येतो, पण मीटर बंद असताना गाडी जेवढी धावली, ते अंतर कोणत्याच चिपेत नसते.

अमेरिकेने १९७२ च्या कायद्यात यावर उपाय काढला. दुरुस्तीनंतर जुना आकडा कायम ठेवणे अशक्य असेल, तर नवे मीटर शून्यावर आणावे आणि चालकाच्या बाजूच्या, म्हणजे तिकडे डाव्या, दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना चिकटवावी. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक असतात, धावलेले अंतर नसते. २०२२ च्या अखेरीस केंद्राने नियम बदलून अधिकृत जुन्या-गाडी विक्रेत्यांना त्यांच्या ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवण्यास सांगितले, तेवढीच सुरुवात.

बदलाची नोंद मूळ नोंदीशेजारीच करावी, ही रीत नाशिकला नवी नाही. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा राज्यवर्ष १८ मधील लेख आहे : पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने जमीन भिक्षूंना दिली. वर्ष २४ मधला दुसरा लेख त्याच्याच पुढे कोरला आहे. काखडीत दिलेले शेत कसले जात नाही, गाव ओस आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने दिली, असे तो सांगतो. पहिला लेख खोडलेला नाही. दान निष्फळ ठरल्याचे कारण, नवी जागा, नवा आकडा आणि वर्ष, सारे एकाच भिंतीवर आहे. गॅरेजच्या बिलावर याहून अधिक काय हवे?

प्रत्यक्षात अशा बिलावर बहुधा ‘मीटर बदलले’ एवढेच असते. मग साधने जुळवावी लागतात. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंड काढले, त्यातलाच हा शब्द, आणि पद्धतही तीच. शेवटच्या सर्व्हिसिंगच्या पावतीवरील आकडा हा एक पक्का बिंदू. मीटर बदलल्याचा दिवस हा दुसरा. मधल्या काळासाठी पेट्रोलच्या पावत्या, कार्यालयाची गाडी असेल तर लॉगबुक, आणि २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग. गाडी घोटीच्या नाक्यावरून किती वाजता गेली आणि पिंपळगाव बसवंतच्या नाक्यावर कधी उमटली, हे त्यात असते. दोन नाक्यांमधील अंतर ठाऊक आहे. फेऱ्यांच्या संख्येने गुणले की गाडी किमान किती धावली, ते निघते. शहरातल्या शहरात झालेली धाव या हिशेबात येत नाही. म्हणून तो आकडा नव्या मीटरमध्ये भरू नये. जुन्या आकड्याशेजारी, ‘किमान’ हा शब्द जोडून, बिलावर लिहावा आणि खाली तारीख घालावी.