नवजात अर्भकाचे आतडे आणि एका आकड्याचा अर्थ

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता कक्षात एक प्रश्न रोज उभा राहतो, तो म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूध सोसते आहे काय? पोट फुगणे, हिरवी उलटी, शीतून रक्त जाणे ही 'नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस'ची लक्षणे असू शकतात. या विकारात आतड्याच्या भिंतीचा भागच मृत होतो. संशय येताच दूध बंद करावे लागते. परंतु ते विनाकारण बंद झाले तर वजन खुंटते आणि शिरेवाटे पोषण देताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

या पेचात विष्ठेतील 'कॅलप्रोटेक्टिन' या प्रथिनाच्या मोजमापाकडे आशेने पाहिले जाते. पांढऱ्या पेशींतील हे प्रथिन आतड्याला दाह झाला की विष्ठेत वाढते. शिवाय तपासणीसाठी बाळाला सुई टोचावी लागत नाही. प्रौढांमध्ये दर ग्रॅम विष्ठेमागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सर्वसाधारण मानतात. निरोगी नवजात बाळात मात्र ते कित्येक पटींनी अधिक असू शकते. प्रौढांची मोजपट्टी येथे निरुपयोगीच.

आकड्यामागे जन्माची हकिकत असते. पूर्ण दिवसांची बहुतेक बाळे पहिल्या २४ तासांत काळपट हिरवी शी करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना विलंब लागतो. त्यांच्या आतड्यांची हालचाल मंद आणि अस्तर अपक्व असते. जन्मवजन, प्रतिजैविके आणि दुधाचे प्रमाण यांचाही परिणाम संभवतो.

प्रसूती कशी झाली, हाही मुद्दा आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. ब्रिटनमधील ५९६ बाळांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिझेरियनच्या बाळांच्या आतड्यांत मातेकडून येणारे काही जिवाणू कमी आणि रुग्णालयात आढळणारे जिवाणू अधिक दिसले. पुढे हा फरक बराच ओसरला. सिझेरियनने कॅलप्रोटेक्टिन वाढतेच काय, याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. तेव्हा केवळ शस्त्रक्रियेला दोष देणे घाईचे ठरेल.

आहाराची गोष्ट तर चकित करणारी आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांत हे प्रमाण वरच्या दुधावरील बाळांपेक्षा अधिक असल्याचे इटलीतील अभ्यासकांनी २०१० मध्ये नोंदवले. वाढलेला आकडा म्हणजे आजार, असे समीकरण येथे मोडते. आईच्या दुधाने एंटेरोकोलायटिसचा धोका कमी होतो, हे तर सिद्धच आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अशाच नाजूक बाळांसाठी.

म्हणूनच एका तपासणीवर निदान केले जात नाही. त्याच बाळाचा आकडा दिवसागणिक कसा बदलतो, हे पोटाची तपासणी आणि क्ष-किरण चित्रासोबत पाहावे लागते. सिझेरियननंतर पहिले स्तनपान लांबते, तेही टाळता येण्यासारखे आहे. आईची प्रकृती ठीक असेल तर पहिल्या तासाभरात बाळाला चीक पाजता येतो. मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची प्रथा मात्र या वयात धोक्याची आहे.