मूठ (तलवारीची)

तलवारीचा हातात धरावयाचा भाग. हिंदुस्थानी तलवारीचे पाते व मूठ बहुधा वेगवेगळ्या कारागिरांकडे, कित्येकदा वेगवेगळ्या मुलखांत घडत आणि जुन्या पात्याला नवी मूठ चढविणे ही नित्याची बाब असे. म्हणून केवळ मुठीवरून तलवारीचा काळ ठरविणे धोक्याचे असते.

सामान्य मूठ लोखंडी व पोकळ असते. तिच्या माथ्यावर वाटोळी कटोरी आणि बोटांच्या रक्षणासाठी परज, म्हणजे पुढून वळविलेली पट्टी, असते; परज सर्वच मुठींना नसते. पात्याच्या मागील टोकास ठेवलेली आखूड जीभ मुठीच्या पोकळीत तापविलेल्या लाखेने किंवा राळेने बसवीत आणि पाते काढावयाचे झाल्यास मूठ शेकून लाख मऊ करीत. एवढ्या साध्या सांध्यावर घाव पेलणाऱ्या हत्याराची भिस्त असे.

नक्षीकामात कोफ्तगिरी प्रमुख होय. यात लोखंडाच्या पृष्ठभागावर धारदार छिन्नीने आडव्यातिडव्या अतिसूक्ष्म रेघा मारून तो खरबरीत करतात, त्यावर सोन्याची अथवा चांदीची तार नक्षीबरहुकूम मांडून हलक्या हातोडीने ठोकतात, आणि रेघांच्या दातऱ्यांत ती रुतल्यावर अकीकाच्या घोट्याने घासून झळाळी आणतात. सोने झिजलेल्या जागी या रेघा भिंगातून दिसतात. नुसत्या मुलाम्याखाली त्या नसतात. तहनिशान या प्रकारात मात्र खोल चर कोरून त्यात धातू भरतात, त्यामुळे ते काम अधिक टिकाऊ व अर्थातच अधिक खर्चिक ठरते. उदयपूर येथे कोफ्तगिरी आजही चालते.

पोर्तुगीज व्यापारामार्फत आलेल्या युरोपीय पात्यांना देशी मुठी बसवून ‘फिरंग’ तयार होई व मराठ्यांत तिला मोठा मान होता. अशा काही मुठींच्या माथ्यावरून मागे दांडा काढलेला असे. दोन्ही हातांनी वार करताना दुसरा हात त्यावर येई. नागपूरकर पहिले रघोजी भोसले (मृत्यू १७५५) यांची म्हणून ओळखली जाणारी, २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावातून मिळविलेली तलवार याच जातीची आहे: पाते युरोपीय बनावटीचे, मूठ मुल्हेरी घाटाची व सोनेरी कोफ्तकामाची, आणि पात्याच्या पाठीवर मालकाचे नाव देवनागरीत सोन्याने जडविलेले.